तक्रार, अब्रुनुकसानी आणि ‘सद्भाव’

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुरुस्ती निधीत घोळ केला, अशी तक्रार त्यांनी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे केली. त्यावर सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस आली. तीत एका परिच्छेदात ‘बदनामी’, दुसऱ्यात ‘मानहानी’, तिसऱ्यात ‘अब्रुनुकसानी’ आणि शेवटी ‘फौजदारी दावा ठोकू’. हे शब्द वेगवेगळे आहेत का, आणि अधिकाऱ्याकडे नुसती तक्रार केली तरी गुन्हा होतो का?

पहिले तिन्ही शब्द एकाच अर्थाचे. ‘अब्रू’ फारसीतून आलेली, ‘मानहानी’ संस्कृत वळणाची, ‘बदनामी’ बोलण्यातली. कायद्याच्या मराठीत ‘अब्रुनुकसानी’ मुरलेला आहे. ‘फौजदारी दावा’ मात्र खटकतो. दावा दिवाणी असतो, भरपाईसाठी. फौजदारीत फिर्याद होते, खटला चालतो. नोटिशीत दोन्हींची खिचडी झाली की समजावं, सध्या तरी दम देण्यावरच भर आहे.

आता गुन्ह्याचं. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९९ आणि ५०० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे; ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत सामुदायिक सेवेचाही पर्याय आहे. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत; सेक्रेटरींना स्वतः शिवाजीनगर कोर्टात मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद द्यावी लागेल.

या कलमाला दहा अपवाद आहेत, आणि आठवा तुमच्यासाठीच आहे. एखाद्या व्यक्तीवर त्या विषयात ज्याचा कायदेशीर अधिकार चालतो, त्याच्याकडे तिच्याविरुद्ध सद्भावपूर्वक केलेला आरोप अब्रुनुकसानी ठरत नाही. कायद्यातली उदाहरणं जुन्या जमान्यातली पण बोलकी आहेत: नोकराची तक्रार मालकाकडे, मुलाची त्याच्या वडिलांकडे. सोसायटीच्या कारभाराची तक्रार उपनिबंधकांकडे, हे त्याच जातीचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने त्यांना तो अधिकार दिलेला आहे.

पण सगळी गोम ‘सद्भाव’ या शब्दात आहे. आपण तो ऐकतो आणि मनात ‘सदिच्छा’ येते: माझ्या पोटात पाप नव्हतं, सोसायटीचं भलं व्हावं म्हणून लिहिलं. दंडाच्या कायद्यातली व्याख्या वेगळी आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावपूर्वक नाही, असं ती सांगते. गंमत म्हणजे १८९७ च्या साधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांच्या सर्वसाधारण व्याख्या देणारा कायदा) नेमकं उलट आहे: प्रामाणिकपणे केलं असेल तर निष्काळजीपणा झाला तरी सद्भावच. अब्रुनुकसानीला पहिली, कडक व्याख्या लागते. म्हणजे प्रश्न तुमच्या मनाचा कमी आणि पडताळणीचा जास्त. बिलं मागितली होती का? ऑडिट अहवाल पाहिला का? का जिन्यातल्या गप्पांवरून ‘पैसे खाल्ले’ लिहून टाकलं? ‘चार लाखांच्या खर्चाची बिलं दाखवलेली नाहीत, चौकशी व्हावी’ हे वाक्य आणि ‘सेक्रेटरी चोर आहे’ हे वाक्य, दोन्ही तक्रारच. पण दुसऱ्याला कागद जोडायला कुठून आणणार? आणि खोटं आहे हे माहीत असूनही सरकारी अधिकाऱ्याला खबर दिली, तर तो वेगळाच गुन्हा आहे, कलम २१७ चा.

आणखी एक, आपल्या अर्जांच्या खास मराठी सवयीबद्दल. अर्जाच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ लिहून आपण नगरसेवक, दोन वर्तमानपत्रं आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप अशी यादी देतो. आठव्या अपवादाचं छत्र यातल्या कुणावरही नाही, कारण सेक्रेटरींवर यांचा कायदेशीर अधिकार चालत नाही. सभासदांना कळवणं हे हितरक्षणाच्या नवव्या अपवादात बसवता येईल, तिथंही सद्भावाची तीच अट. वर्तमानपत्राला पाठवलेल्या प्रतीचं समर्थन त्याहून अवघड. तुमच्या अर्जाखाली अशी यादी होती का, हे तुम्ही कळवलेलं नाही. नोटिशीला उत्तर लिहिताना वकील आधी तेच विचारतील.