पेटी वाजवताना लय पळते, काय करू?

आठ महिने पेटी शिकताय, एकट्यानं वाजवताना सगळं जमतं, पण तबला सोबतीला आला की लय पळते, असं तुम्ही विचारलंय. माझंही असंच व्हायचं. इथं कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात पखवाजावर एक मामा बसायचे. दोन गुरुवार त्यांनी सोसलं, तिसऱ्या गुरुवारी म्हणाले, "पेटी ठेव बाजूला आणि टाळ धर. महिनाभर." भजनी ठेका आठ मात्रांचा. टाळ हातात आल्यावर पहिल्याच रात्री कळलं, की अभंगाची ओळ संपल्यावर पुढची उचलेपर्यंत जी थोडी मोकळी जागा असते, तिथं मी थांबतच नव्हतो. बोटं रिकामी झाली की पुढचा स्वर दाबून मोकळा.

तुमचंही बहुतेक तेच होतंय. लांबवलेला स्वर आणि मोकळी मात्रा, लय पळते ती इथं. तेव्हा सरावही इथलाच करा.

मोबाइलवर तबल्याचा तीनताल (सोळा मात्रांचा ताल) लावा, लय ६०. सेकंदाला एक मात्रा, म्हणजे आवर्तन, तालाची एक फेरी, १६ सेकंदांचं. पेटी उघडायच्या आधी ठेका तोंडानं म्हणत हातानं ताल द्या : १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. मग मात्रेला एक स्वर असा साधा अलंकार (स्वरांची ठरावीक ओळ) वाजवा, पण ९ ते १२ या चार मात्रा बोटं पट्ट्यांवरून उचला आणि १३ ला पुन्हा या. तबल्याच्या आधी बोट पडलं, तर दोष नेमका सापडला. हे जमलं की एक आवर्तन मोबाइलचा आवाज बंद करा, वाजवत राहा आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, आवाज पुन्हा वाढवा. जुळलं नाही तरी नेटानं रोज करा. आणि ६० ला बसलं म्हणून लगेच ८० वर जाऊ नका, उलट ४५ वर या. तिथं मोकळी जागा मोठी होते, खरी परीक्षा तिथं.

एखाद्या ठरावीक स्वरापाशीच अडत असेल तर मात्र बोटं तपासा. पांढरी एकमध्ये (पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) गंधारावरून मध्यमावर अंगठा नेताना उशीर होतो आणि तो भरून काढायला पुढचे दोन स्वर घाईनं येतात. भाताही मात्रेमात्रेला हिसडू नका, आवाजाला धक्के बसतात.

ऐकण्यासाठी मी गायिका मोगूबाई कुर्डीकर सुचवेन. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या त्या शिष्या. मात्रेचे अर्धे, पाव भाग सांभाळत त्या समेवर कशा येतात, ते हातानं ताल धरून ऐका.

महिन्याभरानं एखादा तबला शिकणारा गाठा आणि त्याला लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची पुन्हा पुन्हा फिरणारी धून, धरा. तो कायदे, तुकडे अशा तबल्याच्या रचना वाजवेल, तिय्या (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) घेईल. तुम्ही एकच आवर्तन वीस मिनिटं, त्याच्यामागं न जाता, तसंच फिरवत राहायचं.