मुलीला पार्किन्सनचे औषध का?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. सकाळी उठल्यावर ती बऱ्यापैकी चालते. दुपारनंतर मात्र तिचे डावे पाऊल आत वळते, टाच टेकत नाही आणि संध्याकाळी आधाराशिवाय चालता येत नाही. आजवर आम्हाला सेरेब्रल पाल्सी असे सांगितले गेले, पण एमआरआयमध्ये काहीही दोष नाही. आता नव्या डॉक्टरांनी डोपामाइनच्या आनुवंशिक कमतरतेची शंका घेऊन लेव्होडोपा सुचवले आहे. हे तर पार्किन्सनच्या वृद्ध रुग्णांचे औषध! काही वर्षांनी त्याने अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, असे वाचले. ते सुरू करावे का?

उत्तर : डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर सुरू करावे. सकाळ आणि संध्याकाळ यांतला जो फरक आपण टिपला आहे, तोच या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा आहे. झोपेनंतर हालचाल सुधारणे आणि दिवस चढेल तशी ती बिघडणे हे डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनियाचे, म्हणजे लेव्होडोपाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या डिस्टोनियाचे (स्नायू आपोआप आखडून अवयव वळण्याच्या विकाराचे), ठळक लक्षण आहे. जपानचे बालमेंदूविकारतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७०च्या दशकात त्याचे वर्णन केले. हा विकार मुलींमध्ये अधिक आढळतो आणि बहुधा पायापासूनच सुरू होतो.

आपली भीती पार्किन्सनच्या बाबतीत खरी आहे. तिथे डोपामाइन तयार करणाऱ्या आणि साठवणाऱ्या पेशीच हळूहळू नष्ट होतात, त्यामुळे औषधाचा परिणाम पुढे चढउताराचा होतो. सेगावाच्या विकारात पेशी शाबूत असतात. बहुतेक रुग्णांमध्ये जीसीएच-१ या जनुकातील दोषामुळे बीएच-४ हा साहाय्यक पदार्थ कमी पडतो आणि त्याच्याविना टायरोसिन या अमिनो आम्लापासून लेव्होडोपा, म्हणजे डोपामाइनचा कच्चा माल, पुरेसे बनत नाही. म्हणून बाहेरून दिलेली अल्प मात्राही पुरते आणि अनेक रुग्णांमध्ये तिचा गुण दशकानुदशके टिकतो. सोबत दिले जाणारे कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपाचे डोपामाइन वाटेतच, मेंदूबाहेर, होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, एवढ्यासाठीच ते असते.

तरीही मात्रा वाढवण्याची घाई नको, हे मी आग्रहाने सांगेन. टायरोसिनपासून लेव्होडोपा बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराचा (एन्झाइमचा) अभाव असलेली मुले, विशेषतः तान्ही बाळे, लेव्होडोपाला इतकी संवेदनशील असतात की अगदी थोड्या मात्रेनेही त्यांच्या अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. तेव्हा औषध आपल्याला सोसत नाही असे समजून ते कायमचे सोडून देण्याची चूक घडते. खरे तर मात्रा कमी करून, दिवसभरात विभागून, ती सावकाश वाढवायची असते. पाठीतले पाणी काढून त्यातील डोपामाइनचे अवशेष तपासायचे ठरले असेल, तर ती तपासणी औषधाआधी व्हावी. जनुकीय तपासणीला ही अट नाही. पहिल्या आठवड्यांत सकाळी आणि संध्याकाळी त्याच जागी चालतानाचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा. मात्रा ठरवताना ते फार उपयोगी पडतात. औषध मनाने अचानक बंद करू नका.

प्रश्न : आमच्या सव्वा वर्षाच्या बाळाला एएडीसी विकराची कमतरता असल्याचे निदान झाले आहे. लेव्होडोपाने काहीच फरक का पडला नाही?

उत्तर : लेव्होडोपाचे डोपामाइनमध्ये रूपांतर करणारे विकर म्हणजेच एएडीसी. तेच नसेल तर कच्चा माल कितीही पुरवला तरी, काही मोजके जनुकीय प्रकार वगळता, उपयोग होत नाही. म्हणून इथे पेशींवरील डोपामाइनच्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) थेट चेतवणारी प्रामिपेक्सोल किंवा रोटिगोटिनसारखी औषधे, डोपामाइनचे विघटन रोखणारे सेलेजिलिन आणि या विकराला लागणारे बी-६ जीवनसत्त्व यांची योजना केली जाते. तीव्र स्वरूपाच्या आजारात मात्र त्यांचा लाभ बहुधा मर्यादित राहतो, हे आपल्याला स्पष्ट सांगायला हवे. त्यामुळेच जनुकोपचाराची चौकशी लवकर करावी : विकराचे निर्दोष जनुक शस्त्रक्रियेने थेट मेंदूच्या पुटामेन या भागात सोडणाऱ्या एलाडोकाजीन एक्झुपार्व्होवेक या उपचाराला युरोपीय संघात जुलै २०२२ मध्ये, तर अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. युरोपातील मान्यता दीड वर्षांवरील रुग्णांसाठी आहे, म्हणजे आपल्या बाळाच्या बाबतीत तयारीची वेळ आताच आहे.

दोन्ही कुटुंबांसाठी एक सूचना : उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉलसारखी औषधे डोपामाइनचे कार्य अडवतात आणि या मुलांची अवस्था बिघडवू शकतात. मुलाच्या फायलीच्या पहिल्या पानावर ही नावे लाल शाईने लिहून ठेवा आणि रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात जावे लागले तर आधी ते पान दाखवा.