शूटिंग अर्ध्यावर असताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

दिग्दर्शक चित्रपट सोडून गेले, नायकाच्या तारखा संपल्या आणि गोरेगावच्या फिल्मसिटीतला वाड्याचा सेट महिनाअखेर मोडायचा आहे, असे तू कळवले आहेस आणि मूळ पटकथा आता कशी वाचवायची, असे विचारले आहेस. पटकथेची काळजी तूर्त बाजूला ठेव. तुमच्या हाती आता निम्मा चित्रित झालेला ऐवज आहे आणि जो काही चित्रपट व्हायचा तो त्यातूनच होणार आहे.

त्यातले राखायचे काय आणि टाकायचे काय, हा निर्णय निर्माता शक्यतो पुढे ढकलतो, कारण टाकलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च त्याच्या डोळ्यांसमोर असतो. दिग्दर्शक के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’ आधी चंद्रमोहन आणि नर्गिस यांना घेऊन सुरू केला होता. फाळणीनंतर पैसा लावणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले, आणि पुढे शापूरजी पालनजींच्या पैशावर आसिफ यांनी नवे नट घेऊन पहिल्यापासून काम आरंभले. १९६० साली मराठा मंदिरात लागला तो हा दुसरा डाव. असा निर्माता तुमच्या नशिबी नाही, तेव्हा बैठकीत हे उदाहरण देऊ नकोस.

तुझ्या कामाचा आहे तो ‘पाकीझा’. पन्नाशीच्या दशकात सुरू झालेले हे काम १९६४ मध्ये दिग्दर्शक कमाल अमरोही आणि त्यांची पत्नी, चित्रपटाची नायिका मीनाकुमारी वेगळे झाल्यावर रखडले, १९६९ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि मधल्या काळात छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग व संगीतकार गुलाम मोहम्मद हे दोघेही गेले. गाणी गुलाम मोहम्मदांचीच राहिली, पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरे केले. नायिका इतकी आजारी होती की नृत्याच्या काही भागांत तिच्या जागी पद्मा खन्ना नाचली. चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये लागला आणि मार्चअखेर मीनाकुमारी गेली. तो पुन्हा पाहशील तेव्हा गोष्टीकडे दुर्लक्ष कर आणि तिचा चेहरा कुठे भरलेला आहे, कुठे ओढलेला आहे, एवढेच पाहा. मधली वर्षे लपवता येण्यासारखी नव्हती. पण ती जिची भूमिका करते त्या थकलेल्या साहिबजानला तो ओढलेला चेहरा शोभतो, म्हणून प्रेक्षक हिशेब मागत नाही.

‘कुली’त तर शेवटच फिरला. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना जबर दुखापत झाली, देशभर नवस बोलले गेले, आणि मूळ कथेत मरणारा नायक पडद्यावर जगवावा लागला.

आता तुमचे. नायकाच्या डुप्लिकेटला पाठमोरा उभा करून उरलेले सीन उरका, अशी सूचना येईलच. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी डबिंगमध्ये वाटेल तो संवाद घालता येतो, हे खरे. मात्र त्यातून फार तर माहिती पोचते, आणि भावनेचा सगळा भार समोर ऐकणाऱ्या नटावर पडतो. असे सात-आठ सीन झाले की मुलाची म्हणून लिहिलेली गोष्ट नकळत आईची होऊन बसते. माझ्या मते ती उघडपणे आईचीच करावी, कारण आईचे काम करणाऱ्या बाईंच्या तारखा आहेत आणि त्या गप्प राहूनही सीन पेलतात.

सेट मोडण्याआधी रिकाम्या वाड्याचे शॉट घेऊन ठेवा: ओसरी, जिना, माजघराचे दार, सकाळच्या आणि दिवेलागणीच्या अशा दोन्ही प्रकाशांत. माजघराच्या दाराची भिंत कलादिग्दर्शकाला सांगून गोदामात राखून ठेवा; पुढे अंधेरीतल्या एखाद्या लहान स्टुडिओत तेवढ्या भिंतीसमोर आईचे क्लोजअप निघतील. कंटिन्यूइटीचे, म्हणजे एका शॉटमधले कपडे-दागिने पुढच्या शॉटशी जुळावेत म्हणून काढलेले फोटो जाणाऱ्या माणसांच्या फोनमध्येच निघून जातात, तेव्हा ते आजच मागून घे. आईच्या कोणत्या हातात किती बांगड्या होत्या, हे नंतर कोणीही छातीठोकपणे सांगत नाही.

निर्मात्याच्या ऑफिसातल्या बैठकीला संकलकाला बोलवा, असेही आधीच सांगून ठेव. अशा वेळी त्याला सहसा कोणी विचारत नाही, आणि नेमके काय काय जमा आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कळावे.