बाळंतविडा, मेथी आणि एक अडलेली बाही

प्रिय मावशी,
मी नाशिकची, वय ६०. मे महिन्यात बँकेतून निवृत्त झाले आणि गच्चीवर कुंड्या मांडत गेले. काल मोजल्या, ६४ भरल्या. टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर, पालक, मेथी, शेवंती, सगळं लावलंय. दुसरीकडे विणकाम. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय, जानेवारीअखेरची तारीख आहे. तिचा बाळंतविडा पूर्ण हातानं करायचं मी ठरवलंय: स्वेटर, टोपरं, मोजे, कुंची, दुपटं. मोठ्या नातवाचा स्वेटर एका बाहीवर अडलाय. विहीणबाईंना शाल कबूल केलीय, मैत्रिणीला वास्तुशांतीसाठी क्रोशाचं तोरण. विणायला बसलं की कुंड्या हाका मारतात, गच्चीवर गेलं की लोकर. गेल्या आठवड्यात दोन कुंड्यांतली मेथी फुलावर गेली, आणि त्याच दिवशी मातीच्या हातानं उचललं म्हणून पांढऱ्या टोपऱ्याला डाग पडला. मी चक्क रडले. हे म्हणतात, ‘दोन्हींतलं एक सोड.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘तुमचं सगळं अर्धवटच असतं.’ लेक म्हणते, ‘आई, मला काही नको, तू फक्त मोकळी राहा.’ काय सोडू?
तुमची,
गच्ची आणि गुंडा

प्रिय गच्ची आणि गुंडा,

मावशी म्हणालात खरं, पण वयानं आपण बहिणीच निघू. असो, चालेल.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते असं: नाशिकला राहून कुंडीत फ्लॉवर! अहो, एका कुंडीला एक गड्डा, तोही अडीच-तीन महिन्यांनी, आणि तोवर रोज पानं उलटून अळ्या वेचायच्या. तो हाताशी येईल तेव्हा तुमच्या बाजारात फ्लॉवरचे ढीग लागलेले असतील. कुंडीत तेच लावावं जे तोडल्या तोडल्या खाण्यात मजा आहे, नाहीतर जे बघून बरं वाटतं. पालेभाज्या, चार टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, शेवंती. कोबी-फ्लॉवरच्या कुंड्या शेजारीपाजारी देऊन टाका, कुंडीसकट. हौशी माणूस प्रत्येक मजल्यावर एक तरी असतो. ६४ च्या ४० झाल्या तरी तुमची सकाळ अर्ध्या तासानं मोठी होईल.

आता ‘एक सोड’बद्दल. यजमानांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या हातात झारी द्या. थंडीत कुंड्यांना रोज पाणी लागतही नाही. मातीत बोट पेरभर खुपसायचं, ओल लागली तर पुढची कुंडी. पाणी सकाळीच द्यायचं, संध्याकाळी पानं भिजवून रात्रभर गारठ्यात ठेवली की बुरशीला आमंत्रण. एवढं सांगितलं की माणूस शिकतो. आमच्याकडे शिकलाय.

बागेचं घड्याळ तुमच्या हातात नाही, लोकरीचं आहे. मेथी महिन्याभरात काढली नाही तर ती फुलणारच, तिला तुमची अडचण कळत नाही. टोमॅटोला वेळेवर काठी दिली नाही तर फांदी मोडते. लोकर मात्र गुणी. टाके सुईवर ठेवून, कितव्या ओळीवर होतो ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टोचून ठेवलं, की पुढच्या आषाढातही तिथूनच उचलता येतं. आणि खरं सांगू का, आपल्याकडे लोकर विणायचे दिवस पावसाळ्याचेच. तेव्हा गच्चीवर पाणी घालायचं नसतं, बाहेर पडवत नाही, दुपार लांबच लांब. पण आपल्याला हुक्की येते ती दिवाळीनंतर पहाटे पाय गार पडले की! मी पहिल्या नातवाचा स्वेटर भाऊबीजेला सुरू केला आणि होळीच्या आदल्या दिवशी शेवटचं बटण लावलं. पाडव्याला पोराला तो घालून फोटो काढला. फोटोत पोरगा लालबुंद आहे, आणि घरचे अजून विचारतात, याला तेव्हा ताप होता का?

म्हणून बाळंतविड्याचा हिशेब नीट मांडा. बाळ जानेवारीअखेर येणार. पहिले दिवस ते गुंडाळलेलंच असणार, आणि जरा हातपाय हलवायला लागेल तोवर महाशिवरात्र होऊन ऊन तापायला लागलेलं असेल. नवजात मापाचा लोकरी स्वेटर तुमच्या लेकीचं बाळ चार वेळा घालेल, फार तर पाच. तो आता विणूच नका. विणायचाच तर पुढच्या थंडीचा विणा, तेव्हा बाळ दहा-अकरा महिन्यांचं असेल. छाती साधारण १८ इंच धरा, वर दोन इंच सैल, आणि काम सुरू करा पुढच्या जून-जुलैत. आत्ता फक्त दोन टोपरी, मोज्यांचे दोन जोड आणि सुती दोऱ्याचं एक दुपटं. कुंची घरच्या मऊ सुती साडीची शिवून घ्या. तशीही ती शिवायचीच असते. दुपट्याला जाळीची नक्षी घालण्याचा मोह होईल, तो टाळा. मोठ्या भोकांत बाळाची बोटं अडकतात. क्रोशाच्या मुक्या खांबांची (आखूड टाक्यांची) घट्ट वीण बरी, आणि मोज्यांच्या आत सुटा दोरा राहिला नाही ना हे मोजे उलटे करून दोनदा बघा. नाजूक बोटाभोवती दोरा गुंडाळला गेला तर बाळ रडतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

नातवाची बाही सहा महिन्यांपूर्वीच्या मापाची असेल, तर विणण्याआधी त्याला उभं करून काख ते मनगट माप घ्या. पोरं उंच होतात, लोकर होत नाही.

शाल आणि तोरण या दोन गोष्टींनी खरं तुमचं डोकं खाल्लंय, असं मला पत्रातून वाटलं. त्या ओळी तुम्ही घाईघाईनं लिहून पुढे गेलात. कुणी कौतुक केलं की आपण पटकन ‘तुला पण करून देते गं’ म्हणून मोकळ्या होतो. पूर्वी रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि तोरणं मांडायची, तेव्हा आत्या, काकू, मावशी मिळून करायच्या. तुम्ही एकट्या आहात. विहीणबाईंना आज फोन करा: शाल पुढच्या दिवाळीला. त्या आजी होणार आहेत, त्यांना कारण सांगावं लागणार नाही. मैत्रिणीला सांगा, वास्तुशांतीला मी रोपाची कुंडी आणते. आपली शेवंती आत्ता फुललेली असेलच. फोनवरच सांगा, समोरासमोर आपल्याच्यानं होत नाही.

जाऊबाईंना उत्तर देऊ नका. त्यांनी पूर्ण केलेल्या गोष्टींची यादी मला माहीत नाही, तुम्हाला असेल.

आणि लेक म्हणते ते नुसतं लाडानं म्हणत नाहीये. बाळ घरात आलं की महिनाभर सुई आणि खुरपं दोन्ही कोपऱ्यात जाणार आहेत. तेव्हा २० जानेवारीनंतर नाजूक, रोज लक्ष मागणारं काही हाताशी ठेवू नका. पण एक गोष्ट मात्र आवर्जून पेरा. तुमच्या बागेतून बाळंतविड्याची खरी भर पडणार आहे ती इथे: मेथी आणि शेपू. फुलावर गेलेल्या मेथीच्या कुंड्या रिकाम्या झाल्याच आहेत. त्यांत जानेवारीच्या पहिल्या दिवसांत मेथी टाका, पंधरा दिवसांनी आणखी दोन कुंड्यांत. शेपूला जरा जास्त दिवस लागतात, तो डिसेंबर संपायच्या आत. बाळंतिणीच्या ताटात बाजरीची भाकरी, तूप, हळिवाचा लाडू आणि वरच्या मजल्यावरून तोडून आणलेली कोवळी मेथी. ती पेरायला दहा मिनिटं लागतात. स्वेटर चाळीस तास मागतो.

दिवसाची वाटणी मी तरी घड्याळावर करत नाही, हातांवर करते. सकाळी मातीचे हात, दुपारच्या जेवणानंतर लोकरीचे. मध्ये भांडी झालेली असतात, म्हणजे नखं आपोआप स्वच्छ. तुमच्या निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते अशा गारठ्यात अंगठ्याला चिरा पडतात, आणि पांढरी लोकर त्या चिरेत अशी अडकते की टाका पुढे सरकत नाही, नुसता तंतू ओढला जातो. त्याला कोकमतेल. रात्री झोपताना चोळायचं, दुपारी विणण्याआधी मुळीच नाही, नाहीतर लोकर तेलकट होईल आणि परत मला पत्र लिहाल.

त्या डागाचं राहिलंच. ओला असताना चोळला असेल तर झालं ते झालं. आता टोपरं पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशनं सुकी माती झटकून काढा, मग थंड पाण्यात केस धुवायचा थोडा शाम्पू घालून दहा मिनिटं बुडवा आणि पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवं पसरून सावलीत वाळवा. तरी पुसट राहिला, तर त्यावर क्रोशानं एक पिवळं फूल बसवा.

तुमची,
मावशी