‘डीम्ड’ म्हणजे नावापुरते नव्हे

डीम्ड कन्व्हेयन्स (मानीव अभिहस्तांतरण), म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून सोसायटीच्या नावे होणारे जमिनीचे हस्तांतर, यातील ‘डीम्ड’चा नेमका अर्थ काय आणि अशी मालकी कच्ची असते का, असे आपण विचारले आहे. ती मुळीच कच्ची नसते. इंग्रजीत ‘सीम’ वेगळे आणि ‘डीम’ वेगळे. ‘सीम’ म्हणजे वाटणे, भासणे. ‘डीम’ म्हणजे तसे ठरवणे, तसे धरून चालणे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ न्यायनिवाडा करणे असा होता आणि आईल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात.

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीची कित्येक वर्षे या एका शब्दापायी वाया गेली. चिटणीस या नात्याने मी वार्षिक सर्वसाधारण सभेत मानीव अभिहस्तांतरणाचा ठराव मांडला, तेव्हा ज्यांच्या इंग्रजीचा सर्वांना धाक होता असे एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, “मानलेला भाऊ कधी सख्खा होत नाही, बिल्डरने सही केली तरच जमीन आपली.” सर्वांनी माना डोलावल्या, ठराव बारगळला, आणि ज्याने संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आमच्या नावे करून द्यायला हवी होती, त्याच बिल्डरच्या दारी आम्ही खेटे घालत राहिलो. मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो की, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये दत्तक मूल हे सर्व प्रयोजनांसाठी दत्तक घेणाऱ्याचे मूल ‘डीम्ड’ केलेले आहे. त्याला नावापुरता मुलगा म्हणण्याची कोणाची हिंमत आहे?

बिल्डर सही करत नाहीत म्हणूनच तर १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम ११ मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली. जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतात, त्याआधारे एकतर्फी दस्त नोंदला जातो आणि मग मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढते. आमचे अखेर तसेच चढले. त्या दस्तावर बिल्डरची सही नाही.

मात्र बिल्डरचा जमिनीवर जेवढा हक्क होता, तेवढाच संस्थेला मिळतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे तेथे भाडेपट्ट्याचाच हक्क येतो. तेव्हा मूळ करारनामा आधी वकिलाला दाखवावा.

आपल्या सभेत असा आक्षेप आला, तर दत्तकाचे ते कलम वाचून दाखवा आणि आक्षेप घेणाऱ्याला तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला सांगा. आमच्या त्या सभासदांनी त्यास साफ नकार दिला होता.