‘सारखा’ आला म्हणजे उपमा झाली का?

प्रश्न असा आहे : ‘मुलगा वडिलांसारखा दिसतो’ या वाक्यात उपमा अलंकार मानायचा का? उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे मुलगा) आहे, उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते, इथे वडील) आहे, ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्दही आहे.

माझ्या मते नाही. वाक्यात साम्य आहे, पण अलंकार नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे : ‘साधर्म्यमुपमा भेदे’. वस्तू भिन्न असताना त्यांच्यातला समान धर्म सांगणं म्हणजे उपमा. शिवाय त्या साम्यात चमत्कृती, म्हणजे मनाला सुखावणारं वेगळेपण, हवी. ‘गवय (एक रानटी प्राणी) गाईसारखा असतो’ हे न्यायशास्त्रातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, प्रसिद्ध वाक्य घ्या. ते ऐकलेल्या माणसाला रानात गवय ओळखता येतो, म्हणून ते न्यायशास्त्रातल्या ‘उपमान’ या प्रमाणाचं, म्हणजे साम्यावरून ज्ञान मिळवण्याच्या साधनाचं, उदाहरण ठरलं, अलंकाराचं नव्हे. मुलगा आणि वडील यांचंही तसंच. तेच ‘मुलगा वडिलांच्या सावलीसारखा वावरतो’ म्हणा, की उपमा झाली. मागे मागे राहणं, गप्प असणं, स्वतंत्र अस्तित्व नसणं, असं बरंच काही न सांगता कळतं.

उपमेची खरी ताकद पाहायची तर कालिदासाकडे जावं. त्याच्या ‘रघुवंश’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गात राजकन्या इंदुमती स्वयंवरात हातात वरमाला घेऊन एकेका राजापुढून जाते. कवी तिला रात्री फिरणाऱ्या दीपशिखेची उपमा देतो. ज्योत पुढे सरकली की राजमार्गावरचा मागे पडलेला वाडा अंधारात बुडतो, तसा तिने ओलांडलेला प्रत्येक राजा निस्तेज होतो. नुसतं तिचं रूप सांगायचं असतं तर ‘ज्योतीसारखी तेजस्वी’ एवढं पुरलं असतं. इथे ज्योतीचं चालणं महत्त्वाचं आहे. आशेने उजळणं आणि नाकारलं जाणं हे दोन्ही त्या एका हालचालीत आलं. या श्लोकावरूनच त्याला ‘दीपशिखा कालिदास’ म्हणू लागले, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

उलट, ‘सारखा’, ‘परी’, ‘प्रमाणे’, ‘गत’, ‘वाणी’ यांपैकी काहीही नसताना उपमा असू शकते. ‘घनश्याम’ म्हणजे घनासारखा श्याम. साम्यवाचक शब्द समासात लोपला, म्हणून ही लुप्तोपमा. आणि ‘तो सारखा बोलतो’मधल्या ‘सारखा’चा तर साम्याशी काही संबंधच नाही, तिथे अर्थ ‘सतत’.

‘जणू’ दिसला की मात्र थांबून पाहावं. ‘तिचे डोळे तळ्यासारखे शांत आहेत’ ही उपमा. ‘तिचे डोळे म्हणजे जणू शांत तळीच’ यात डोळे हे तळीच असावीत अशी कल्पना केली आहे, म्हणून ती उत्प्रेक्षा. ‘जणू’ काढून ‘तिच्या डोळ्यांच्या तळ्यात’ म्हटलंत तर कल्पनेचा तोही आडपडदा गेला, डोळे आणि तळं एकच झाले, आणि आपण रूपकात आलो.