उंचावरची पानं जाड का?

प्रश्न : उष्णकटिबंधातल्या उंच डोंगरांवर पाऊस भरपूर, तरी झाडं खुजी आणि पानं चामड्यासारखी. असं का?

उत्तर : मीही आधी सगळा दोष वाऱ्याला आणि थंडीला द्यायचो. त्यांचा वाटा आहेच, पण मातीकडेही बघायला हवं. गारव्यात पालापाचोळा कुजता कुजत नाही, नत्र त्यातच अडकून पडतं. मग झाड पान जपून वापरतं : लहान, जाड, दीर्घकाळ टिकणारं. असं पान दुमडलं की कट्‌कन मोडतं. बोर्निओतल्या ४,०९५ मीटरच्या किनाबालूवर तर हे फार सुरेख दिसतं. उंची तीच, पण गाळाच्या खडकावरचं जंगल उंच आणि स्फुरद (फॉस्फरस) हे पोषणद्रव्य कमी असलेल्या, सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकापासून बनलेल्या मातीवरचं बुटकं! तिथली झाडं पान गाळण्याआधी त्यातलं बरंचसं स्फुरद परत ओढून घेतात.